डाळिंबाच्या सालीचा अर्क काढायचाय? मशीन सगळ्यात शेवटी घ्या

प्रश्न सांगोल्याकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. त्याच्याच शब्दांत: "आमचं साडेचार एकर भगवा जातीचं डाळिंब आहे. आजूबाजूचा मालही घेतो. दाणे काढून पॅकिंग करायचं छोटं युनिट टाकलंय. सीझनमध्ये रोज दीडशे-दोनशे किलो साल निघते, ती ओढ्याकाठी टाकतो. सालीतून अँटिऑक्सिडंट निघतं आणि त्याला चांगला भाव आहे असं ऐकलं. मशीनवाला माणूस घरी येऊन गेला. कोणतं मशीन घेऊ? हेक्झेन वापरू की अल्कोहोल? बियांचं तेल निघेल का? आणि जमलं तर सीताफळाच्या बियांचंही करावं म्हणतो."

पैसे भरायच्या आधी विचारलंत हे बरं केलंत. माझ्याकडे येणारे बहुतेक जण मशीन शेडमध्ये उतरवून घेतल्यावर विचारतात, आणि मग सांगण्यासारखं फार उरत नाही. मी सोलापुरात गेली अठरा वर्षं फळांच्या साली, बिया, चोथा यांच्यापासून अर्क काढायचं काम करतो. त्यात निम्मी वर्षं चुका करण्यात गेली. खाली लिहितोय त्यातलं बरंचसं त्या चुकांतूनच आलेलं आहे.

तुमचा खरा प्रश्न मशीनचा नाहीच. रोज दीडशे किलो ओली, गोडसर, कुजायला टपलेली साल तुमच्या हातात पडते. तिचं पुढच्या चार तासांत काय करायचं, हा तुमचा प्रश्न आहे. अर्क चांगला होणार की वाईट हे तिथेच ठरतं. मशीन फक्त सालीत जे उरलंय ते बाहेर काढतं, जे गेलं ते परत आणत नाही.

आधी सालीत काय असतं ते बघू. डाळिंबाच्या वजनातला चाळीस ते पन्नास टक्के भाग साल आणि आतले पडदे. साल चावून बघितली की जीभ आणि टाळू आवळल्यासारखे होतात, तो तुरटपणा म्हणजेच तुमचा माल. त्यात मुख्य प्युनिकॅलॅजिन, सोबत एलॅजिक आम्ल, गॅलिक आम्ल आणि त्यांचे भाऊबंद. हे सगळे टॅनिनच्या घराण्यातले. कीड आणि बुरशी दूर ठेवायला झाडानेच ते फळाभोवती उभं केलेलं कुंपण आहे. दाण्याचा आणि सालीचा लाल रंग वेगळा, तो अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. त्यामुळे साल जितकी लाल तितका अर्क भारी, असं व्यापारी सांगतात त्यात तथ्य नाही. आतला पिवळट पांढरा भागही तेवढाच कामाचा असतो. गणेशसारख्या फिक्या सालीच्या जातीलाही कमी लेखू नका.

प्युनिकॅलॅजिन पाण्यात सहज विरघळतं, ही या धंद्यातली सगळ्यात चांगली बातमी. आणि सगळ्यात वाईट बातमीही तीच. कशी ते धुण्याचं सांगताना येईल. त्याआधी साल कशी बिघडते ते बघा.

सुरुवातीच्या वर्षी मी पंढरपूर रोडच्या एका युनिटमधून साल उचलली. संध्याकाळी गोण्या भरल्या, टेम्पो रात्रभर दारात उभा राहिला, सकाळी उतरवल्या. गोणीच्या मधोमध हात घातला तर आत गरम, ताडीसारखा आंबूस वास, आणि सालीची आतली बाजू चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी. वाळवली तेव्हा तंबाखूसारखी दिसत होती. तरी अर्क काढला आणि लॅबला पाठवला. ताज्या सालीच्या मानाने आकडा निम्म्याच्याही खाली आला. साल कापली गेली की तिच्यातले एन्झाइम हवेच्या मदतीने टॅनिनवर तुटून पडतात, सफरचंदाची फोड काळी पडते तसं. वर दाण्यांचा रस लागलेला असतो, त्यावर यीस्ट चढतं. ढीग घातला की आपोआप उष्णता धरते. म्हणून माझा नियम असा की दाणे काढल्यापासून चार तासांच्या आत साल ट्रेवर पसरलेली पाहिजे. उन्हाळ्यात तर दोनच तास धरा. तेवढं जमत नसेल तर त्या दिवशीची साल सोडून द्या, ती खताचीच.

आता धुण्याचं. बरेच जण साल काढल्यावर टाकीत बुडवून स्वच्छ धुतात. पाणी पिवळं होतं, त्यांना वाटतं घाण निघाली. ती घाण नव्हे, तुमचा मालच गटारात चाललाय. धुवायचं ते अख्खं फळ, साल नव्हे. फळ चिरायच्या आधी दोन पाण्यांतून काढा आणि निथळू द्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुकुट कापून वेगळा टाका. एखादं भगवा फळ उभं धरून त्या मुकुटात डोकावून बघा. वाळलेले पुंकेसर, धूळ, पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस, आणि बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारलेली बाग असेल तर निळसर पांढरा थर. कितीही धुतलं तरी तो कोपरा साफ होत नाही. मुकुटाचं वजन ते किती, पण अख्ख्या लॉटचा रिपोर्ट बिघडवायला तेवढा पुरतो.

इथेच सोलापूरच्या डाळिंबाची खरी अडचण येते, तेल्या, म्हणजे फळावर तेलकट डाग पाडणारा जिवाणूंचा रोग. तेल्या म्हटलं की कॉपर, बोर्डो आणि काय काय फवारलं जातं हे तुम्हाला मी सांगायला नको. हे सगळं बसतं सालीवर. दाणे खाणाऱ्याला त्याचा त्रास कमी, कारण तो साल फेकून देतो. तुम्ही मात्र नेमकी तीच साल उचलताय, तिचं पाणी उडवताय आणि आतलं सगळं दाट करताय. शंभर किलो ओल्या सालीची वाळून तीस किलो होते, तिचा अर्क निघतो दहा किलोच्या आसपास. जे औषध पाण्यात विरघळतं ते तुमच्या अर्कात दहा पट दाट होऊन बसू शकतं. माझे दोन लॉट परत आले ते टॅनिन कमी म्हणून नव्हे, एकदा तांबं जास्त निघालं म्हणून आणि एकदा बुरशीनाशकाचा अंश सापडला म्हणून. तुमच्या स्वतःच्या बागेची फवारणीची वही तुमच्याकडे असेल. "आजूबाजूचा माल" म्हणालात, त्याची वही कोणाकडे आहे? निर्यातीसाठी अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारी संस्था) अनारनेटवर नोंद असलेल्या बागांचा माल मिळाला तर सोनं, त्यांना नोंदी ठेवाव्याच लागतात. तो मिळत नसेल तर निदान पहिल्या वर्षी अर्कासाठी फक्त स्वतःच्याच बागेची साल वेगळी ठेवा.

तेल्याचे डाग असलेली साल चालते का, हे हमखास विचारतात. वरवरचे दोन-चार डाग असतील तर तो तुकडा कापून टाका, बाकीची घ्या. पण तडकलेलं फळ, आत काळं पडलेलं फळ, दाबलं की पाणी सुटणारं फळ, यांची साल अजिबात नको. ते आतलं काळं बहुतेक वेळा अल्टरनेरिया बुरशीचं असतं, आणि अशा बुरशीची विषं वाळवून किंवा उकळून जात नाहीत. जे फळ घरात पोराला दिलं नसतं, त्याची साल अर्कात घालायची नाही. रद्दी माल फुकट मिळतो म्हणून मोह होतो, तेवढा आवरायला हवा.

वाळवणी. साल हाताच्या तळव्याएवढ्या तुकड्यांची, एकाच थरात, आतली बाजू वर. ट्रे ड्रायरमध्ये ५५ ते ६० अंश ठेवतो. सत्तरच्या वर गेलं की रंग गडद व्हायला लागतो. थंडीत, म्हणजे मृग बहाराचा माल चालू असताना, आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की सोलर टनेल ड्रायरमध्ये दोन-तीन दिवसांत काम होतं आणि वीजबिल शून्य. उघड्या अंगणात ताडपत्रीवर मात्र नको. धूळ, माश्या, कोंबड्या, आणि सोलापूरचा तो दुपारचा वारा. साल वाळली हे कसं ओळखायचं? वाकवली तर वाकायला नको, कट् असा आवाज होऊन तुटायला हवी. तुटलेल्या जागी नख दाबा, ओल लागली तर आणखी चार तास. मीटरवर ओलावा दहा टक्क्यांच्या खाली आला की लगेच आतून प्लॅस्टिक असलेल्या पिशवीत तोंड बांधून ठेवा. पावसाळ्यात उघडी ठेवलीत तर आठवड्यात चामड्यासारखी लवचिक होते आणि महिन्यात बुरशी धरते.

एवढं जमलं तर समजा साठ टक्के काम झालं. फळ आधी धुतलेलं, मुकुट काढलेला, चार तासांच्या आत पसरलेली, साठ अंशांच्या आत वाळलेली, फवारणीचा हिशेब माहीत असलेली साल. या मालाला गिऱ्हाईक आहे, अर्क न काढताही. त्यावर पुढे येतोच.

आता अर्क. हेक्झेन की अल्कोहोल, याचं उत्तर सालीपुरतं सोपं आहे. हेक्झेन तेलं विरघळवतं, टॅनिनला हातही लावत नाही. सालीवर हेक्झेन टाकणं म्हणजे मेण लावून कपडे धुणं. शिवाय ते पेटतं, आणि खाण्याच्या वस्तूत त्याचा अंश राहायला नको. सोडून द्या.

अल्कोहोल चालतं, म्हणजे इथेनॉल. पाण्यात पन्नास ते सत्तर टक्के इथेनॉल मिसळलं की अर्क अधिक स्वच्छ येतो, कारण सालीतलं पेक्टिन, म्हणजे चिकट द्रव्य, आणि बरीचशी साखर मागे राहते. पण त्याला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, साठ्याची नोंद लागते आणि ज्वालारोधक वायरिंग लागतं. सत्तर टक्के इथेनॉलची वाफ १७ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. आपल्याकडे डिसेंबरच्या दुपारीही त्याहून जास्त तापमान असतं, मे महिन्यातल्या ४२ अंशांचं तर बोलायलाच नको. पत्र्याच्या शेडमध्ये, शेगडीशेजारी हे करायचं काम नव्हे. आणि कोणी "इंडस्ट्रियल स्पिरिट स्वस्तात आणून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ते पिऊ नये म्हणून त्यात मिथेनॉलसारखी विषं मुद्दाम घातलेली असतात, आणि मिथेनॉलने डोळे जातात.

म्हणून तुमच्यासाठी पाणी. पण पाणी कोणतं? माझी सगळ्यात फजिती झालेली गोष्ट इथली. गुऱ्हाळातली जुनी काहील स्वस्तात मिळाली, म्हणून बोअरचं पाणी भरून त्यात साल उकळली. अर्ध्या तासात सोनेरी पिवळा व्हायला हवा असलेला काढा आधी हिरवट, मग निळा-काळा झाला. बायको म्हणाली, "शाईचा कारखाना काढलात का?" खरंच शाईच होती. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की शाई होते, हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई पूर्वी अशीच करायचे. काहिलीचं लोखंड आणि बोअरच्या पाण्यातलं लोखंड, दोघांनी मिळून माझे चाळीस किलो घालवले. तेव्हापासून भांडं, चाळण, पळी, पाइप सगळं स्टेनलेस स्टीलचं, आणि पाणी आरओचं. तुमच्या बोअरचं पाणी कसं आहे ते बघायचं तर ग्लासभर पाण्यात वाळलेल्या सालीची चिमूटभर पूड टाकून पंधरा मिनिटं ठेवा. करडं किंवा काळसर झालं तर ते पाणी अर्काच्या कामाचं नाही.

साल दळायची किती? पिठासारखी नको. लापशीच्या रव्याएवढी जाडसर. पीठ केलं की चिखल होतो, गाळणीतून उतरत नाही, आणि चक्कीत सालही गरम होते. पाणी ५० ते ६० अंश, वेळ अर्धा तास. आपल्याकडे काढा म्हटलं की एक अष्टमांश होईपर्यंत आटवायची सवय आहे, ती इथे मोडावी लागते. बहुतेक टॅनिन पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच पाण्यात उतरतं. पुढे तासन्‌तास खदखदवत ठेवलं तर प्युनिकॅलॅजिन तुटून त्याचं एलॅजिक आम्ल होतं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, तळाला करडा-पिवळा गाळ होऊन बसतं. मग आपण तो गाळ गाळून फेकतो आणि वर विचारतो, अर्क कमी का आला?

आता पाण्याचा हिशेब, कारण या धंद्यात नफा जातो तो पाणी उडवण्यात. एका किलो सालीला दहा लिटर पाणी घेतलं, म्हणजे दहा किलो सालीला शंभर लिटर. त्यातून तीन-साडेतीन किलो कोरडा अर्क मिळेल. तेवढ्यासाठी नव्वदेक लिटर पाण्याची वाफ करायची. एक लिटर पाण्याची वाफ करायला, नुसती वाफ, ते तापवणं वेगळं, साधारण ०.६५ युनिट वीज लागते. म्हणजे साठ युनिट कमीत कमी, आणि खरं तर त्याहून जास्त. गॅसवर कराल तर १९ किलोच्या सिलिंडरमध्ये, निम्मी उष्णता इकडेतिकडे जाते असं धरून, दीडशे-पावणेदोनशे लिटर उडेल. मशीनवाल्याने हा हिशेब दाखवला होता का?

यावर जुना उपाय आहे, आम्ही त्याला तीन टाक्यांची फेरी म्हणतो. तीन टाक्या ओळीत. पहिलीत ताजी साल, दुसरीत एकदा काढलेली, तिसरीत दोनदा काढलेली. नवं पाणी घालायचं ते तिसऱ्या टाकीत, म्हणजे सगळ्यात चोथा झालेल्या सालीवर. तिथला फिकट अर्क दुसऱ्या टाकीत, आणि दुसरीतला पहिल्या टाकीतल्या ताज्या सालीवर. पहिलीतून बाहेर येतो तो दाट अर्क. तिसऱ्या टाकीतला चोथा रिकामा करा, त्यात ताजी साल भरा आणि आता तिला पहिली म्हणा. टाक्या हलत नाहीत, फक्त नावं बदलतात. याने दहा लिटरचं काम पाच-सहा लिटरमध्ये होतं. म्हणजे इंधन जवळपास निम्मं. यात कुठलंही महागडं मशीन नाही, तीन स्टीलच्या टाक्या, एक पंप आणि कोणत्या टाकीचं काय नाव हे लक्षात ठेवणारा माणूस. तो माणूस मिळणं अवघड, हे मात्र कबूल.

पुढे गाळणं. मलमलीतून, मग बारीक जाळीतून. गाळलेला अर्क रात्रभर ठेवू नका, त्यात साखर आहे, सकाळी फेस आलेला दिसेल. लगेच आटवायला घ्या, तेही उघड्या कढईत नव्हे, निर्वात पद्धतीने ६० अंशांच्या आत. इथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने मशीन लागतं, व्हॅक्यूम इव्हॅपोरेटर. मग स्प्रे ड्रायर किंवा ट्रेमध्ये सुकवून पूड. स्प्रे ड्रायरमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) मिसळावं लागतं, नाहीतर अर्क भिंतीला चिकटतो. मिसळा, पण किती मिसळलं ते लेबलवर लिहा.

मशीनवाल्याने तुम्हाला बहुधा "सुपरक्रिटिकल" असा शब्द ऐकवला असेल. त्यात कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर आणि सुमारे ७४ बार दाबाच्या पुढे नेतात, तिथे तो ना धड वायू ना द्रव अशा अवस्थेत जातो आणि तेलं सुंदर काढतो. मसाल्यांसाठी, बियांच्या तेलासाठी उत्तम. पण टॅनिन पाण्याच्या जातीचं आहे, ते त्यात उतरत नाही. सालीसाठी ते मशीन घेणं म्हणजे ऊस गाळायला तेलाचा घाणा आणणं. अल्ट्रासाउंड, मायक्रोवेव्ह यांनी वेळ वाचतो, पण तुमची अडचण वेळेची नाहीच, वाळवणीची आणि इंधनाची आहे.

बियांचं तेल. आता थोडं हसू आलं तर राग मानू नका. तुम्ही दाणे पॅक करून विकता. बी दाण्याच्या आत असते. ती तर गिऱ्हाइकाच्या पोटात गेली! तेल काढायचं तर रस काढणाऱ्याकडून बिया आणाव्या लागतील. त्या ताज्या, गर धुऊन, पन्नास अंशांच्या आत वाळवलेल्या हव्यात. वाळलेल्या बीत तेल असतं साधारण बारा ते वीस टक्के, थंड घाण्यावर त्यातलं अर्धं-पाऊण हाती येतं. शंभर किलो फळांमागे अर्धा किलो तेल मिळालं तरी खूप. त्याला भाव आहे तो प्युनिसिक आम्लामुळे, तेलात दोन तृतीयांशाहून जास्त तेच असतं. पण ते फार नाजूक. एक थेंब काचेवर पसरून उन्हात ठेवा, काही दिवसांत त्याची वॉर्निशसारखी चिकट पापडी होते. म्हणून गडद काचेची बाटली, काठोकाठ भरलेली, थंड जागा. तुमच्यासाठी हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीचं काम, तेही स्वतःचा घाणा न घेता मजुरीने काढून घ्यायचं.

तपासणीबद्दल थोडं. रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण, बघून अर्क चांगला म्हणू नका, त्यात साखरही मोजली जाते. लॅबमध्ये "एकूण पॉलिफेनॉल" म्हणून जो आकडा देतात तो फोलिन पद्धतीचा. ती स्वस्त आहे, पण क जीवनसत्त्वासारख्या दुसऱ्या गोष्टीही त्यात मोजल्या जातात. गिऱ्हाईक मोठं असेल तर तो एचपीएलसीवर (एकेक घटक वेगळा करून मोजणारी लॅबची पद्धत) प्युनिकॅलॅजिनचा आकडा मागेल. बाजारात "चाळीस टक्के एलॅजिक आम्ल" असे अर्क मिळतात, पण नुसतं एलॅजिक आम्ल दुसऱ्या झाडांतूनही येतं. डाळिंबाची ओळख प्युनिकॅलॅजिनने पटते. सौदा ठरवताना कोणत्या लॅबचा, कोणत्या पद्धतीचा आकडा धरायचा ते आधी लिहून घ्या, नंतर भांडणं होतात.

एक गफलत आपल्या भाषेतच आहे. "डाळिंब साल" म्हटलं की फळाची साल की झाडाची? जुन्या औषधात पट्टकृमीसाठी डाळिंबाच्या मुळाची साल वापरत. तिच्यात पेलेटिएरीनसारखी अल्कलॉइड असतात, ती जास्त झाली तर अपाय करतात. एका व्यापाऱ्याने माझ्याकडून शंभर किलो "डाळिंब साल" मागितली आणि माल बघून म्हणाला, ही नव्हे, झाडाची. तेव्हापासून मी बिलावर "फळसाल" असंच लिहितो. तुम्हीही लिहा, आणि छाटणीची लाकडं-मुळ्या कधीच यात मिसळू नका.

परवान्यांवर फार लिहीत नाही. खाण्यासाठी विकायचं तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना, आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं तर आयुषचा वेगळा परवाना. आणि डब्यावर "मधुमेह बरा करतो, कॅन्सर रोखतो" असलं काही छापलंत तर १९५४ च्या जादुई उपाय आणि आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात सापडाल. डबा कितीही सुंदर असला तरी.

मग करायचं काय? माझं मत असं. पहिल्या सीझनला अर्क काढूच नका. स्वच्छ वाळवलेली, जाडसर कापलेली फळसाल विका. ओलावा, तांबं आणि फवारणीचे अंश यांच्या रिपोर्टसकट. अर्क काढणारे कारखाने अशी साल शोधत असतात, कारण बाजारातली बहुतेक साल गोणीत आंबलेली असते. आयुर्वेदिक फार्मसीवाले घेतात. आणि तिसरं गिऱ्हाईक आपल्या गावातच आहे, रंगाचं. डाळिंबाची साल तुरटीबरोबर सुती कापडाला मोहरीसारखा पिवळा रंग देते, हिराकसाबरोबर करडा ते काळपट. माझ्या त्या काहिलीतल्या शाईचा उपयोग इथे झाला असता! सोलापूरची चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, डाळिंबालाही २०१६ मध्ये मिळालं. नैसर्गिक रंगाचं काम करणारे यंत्रमागवाले अजून थोडे आहेत, पण आहेत. रंगासाठी थोडी तपकिरी झालेली सालही चालते, म्हणजे चार तासांचा नियम मोडलेला माल तिकडे वळवता येतो. सोलापूरच्या मागांना चिंचोक्याची खळ कधीपासून माहीत आहे, तिथे डाळिंबाची साल काही परकी नाही.

किती फायदा होईल, हे सांगता येणार नाही. तुमचा सीझन किती दिवस चालतो, वीज किती तास असते, शेजारच्यांच्या फवारण्या, वाळवणीची जागा, आणि एक तरी पक्कं गिऱ्हाईक आहे का, यावर सगळं अवलंबून आहे. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. तिथे एकदा जाऊन या. सोलापूर लाल, सोलापूर अनारदाणा या जाती त्यांच्याच. प्रक्रियेचं काम तिथे नुसतं बघायला मिळालं तरी मशीनवाल्याशी बोलताना तुमचा आवाज बदलेल.

राहिल्या सीताफळाच्या बिया. त्या नको. त्यांच्यातली ॲसिटोजेनिन नावाची द्रव्यं किडे मारतात. घरोघरी पूर्वी उवांसाठी त्यांची पूड डोक्याला लावायचे आणि ती डोळ्यात गेली की डोळे भाजल्यासारखे लाल व्हायचे. खाण्याच्या अर्काच्या शेडमध्ये ती पूड उडालेली चालणार नाही. सीताफळाचा गर काढणारे बार्शीकडे बरेच आहेत, बिया त्यांच्याकडेच राहू द्या. आणि तुमच्या ड्रायरमध्ये कोणी "एकदाच वाळवून द्या" म्हणून त्या आणून टाकल्या, तर त्याला नाही म्हणा.